साळूआत्याचा वाघ्या घेवडा

एका जंगलात, मुलांनो, राजाच्या तोंडात तीनच दात उरले होते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी ती बोलत नसे.

राजा सिंह होता. त्याला रोज घोटलेला घेवडा लागे. तोही वाघ्या घेवडा. त्याच्या दाण्यादाण्यावर वाघासारखे पट्टे असतात. वाघाने याविरुद्ध अर्ज दिला होता. तो अजून विचाराधीन आहे.

हा घेवडा साळूआत्या करी. आत्या म्हणजे साळिंदर, उतारवयाची. तिची रीत ठरलेली होती. सुका घेवडा निवडून खडे काढायचे. आदल्या दिवशी भिजत घालायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात घेवडा मंद आचेवर शिजवायचा. दाणा चिमटीत चिरडला की मीठ. मग कढईत तेल, लसूण, जिरं. त्यात घेवडा घालून लाकडी डावाने घोटायचा आणि शिजवल्याचं पाणी थोडं थोडं घालत, कढईच्या कडेपासून सुटेपर्यंत परतायचा.

राजा तो न चावता गिळे. हरणं निवांत चरत.

मुदपाकखान्यात चुलीमागे एक ऊबदार कोपरा होता. जो स्वयंपाक करील त्याचा तो कोपरा. थंडीत आत्याचे गुडघे धरत. तिला जंगलाकडून दुसरं काही नको होतं. घेवडा भिजत असला की ती कोपऱ्यात बसून भांड्याकडे बघत राही.

एकदा दरबाराने कोल्ह्याला कामाची पाहणी करायला नेमलं. कोल्हा तीन महिने शेजारच्या जंगलात राहून आला होता. त्यामुळे त्याला सगळंच कळत होतं.

“आत्या, काय चाललंय?”

“घेवडा भिजतोय.”

“तो भिजतोय हो. तुम्ही काय करताय?”

“मी त्याला भिजू देतेय.”

कोल्ह्याने लिहून घेतलं: एक दिवस, काम शून्य.

“अरे बाबा, दाणा आतून कोरडा असतो,” आत्या म्हणाली. “घाई केली तर वरून शिजतो, आत खडा राहतो.”

“तुम्ही घेवड्याची बाजू घेऊ नका,” कोल्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. भिजवणं बंद. साळूआत्याने कोपरा रिकामा करावा. तिच्या जागी हुप्प्या वानराला नेमलं आहे.

आत्या समोरच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. तिथे वारा होता. पण तिथून मुदपाकखान्याचं दार दिसे.

हुप्प्याने सुका घेवडा तसाच चुलीवर चढवला. मग त्याने जाळ फुंकला, आरडाओरडा केला, दोन डाव मोडले आणि स्वतःची शेपटी भाजून घेतली. बघायला सगळं जंगल जमलं.

“किती करतो गं बिचारा!” एक हरणी म्हणाली.

राजाने घास घेतला. कट्‌ असा आवाज झाला.

आता दोन दात राहिले. राजाने पान बाजूला सारलं आणि कितीतरी वर्षांनी हरणांकडे पाहिलं. दोन दातांनी काय होणार, असं आपल्याला वाटतं. हरणांना तसं वाटलं नाही.

चौकशी झाली. हुप्प्याची शेपटी भाजलेली होती, म्हणजे त्याच्याकडून कसूर नव्हती. त्याला शाल दिली. घेवडा सहकार्य करत नाही, असा ठपका घेवड्यावर आला. राजा मात्र उपाशी होता, आणि हरणांनी आत्याचे पाय धरले.

आत्याने जाळीत बसून सगळं पाहिलं होतं. तिने घेवडा निवडला, भिजत घातला आणि कंबर कसली. मग ती भांड्याभोवती धावू लागली. काटे खुळखुळवले. झाकण बडवलं. मधूनमधून “आई आई गं!” म्हणाली.

कोल्ह्याने लिहून घेतलं: उल्लेखनीय सुधारणा.

घेवडा खाली पाण्यात नेहमीसारखाच भिजत होता.

दुसऱ्या दिवशी राजाने पान चाटून पुसून साफ केलं. “आज चवीत कष्ट कळतात,” तो म्हणाला. आत्याला कोपरा परत मिळाला.

पण धावून तिचे गुडघे सुजले होते. तिने मदतनीस मागितला. कोल्ह्याला आनंद झाला. काम वाढलं की त्याची पाहणीही वाढत असे. त्याने हुप्प्यालाच दिलं.

आता हुप्प्या भांड्याभोवती पळतो. आत्या चुलीमागे डोळे मिटून असते.

“आत्या, भिजतोय का गं नीट?”

“तू पळतोयस ना?”

“पळतोय की!”

“मग भिजतोय.”

हुप्प्याला यंदा दुसरी शाल मिळाली.

तात्पर्य: घेवडा भिजायला एक दिवस लागतो. तेवढा वेळ कोणाला तरी त्याच्याभोवती पळवत ठेवावं. नाहीतर तो आपोआप भिजला, असं लोक म्हणतात.