परीक्षक क्रमांक तीन

मोजमापात माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अडतीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. सोनाराच्या नाजूक काट्यापासून अख्खा ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत! त्यामुळे गांजाच्या औषधावर संशोधन करणाऱ्यांच्या परिषदेत आपणही बोलायचं, असं ठरवलं तेव्हा मला जराही धाकधूक वाटली नाही. वाटायला हवी होती.

त्याचं असं झालं. आमची ही आजारी पडली. दुखणं हाडांत शिरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या तेलाचे थेंब लिहून दिले. रोज संध्याकाळी, जिभेखाली. मी पडलो काटेवाला. थेंब, झोपेचे तास, खाल्लेले घास, सगळं वहीत लिहायला लागलो. रोज तिचं वजनसुद्धा.

"अहो, मी बायको आहे की बटाट्याचं पोतं?" ती म्हणायची. पण एखादी नोंद राहिली की तीच आठवण करायची. दोनशे अकरा दिवस भरले आणि वही थांबली. त्याआधी चार दिवस मला म्हणाली, "एवढं लिहिलंत, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. नाहीतर रद्दीत घालाल." मी हो म्हणालो. तिला दिलेला शब्द मोडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आता तर मोडला तरी माफी मागायची सोय नाही.

परिषदेचं डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. प्रस्ताव इंटरनेटवरून पाठवायचा, निवड झाली तर पंधरा मिनिटं बोलायचं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आधी खातं उघडा म्हणाला, उघडलं. कामाचा अनुभव? अडतीस वर्षं. विषय? मोजमाप. खाली एक चौकोन होता आणि बारीक अक्षरांत कसलीतरी मदत कराल का, असं विचारलेलं. लोक मदत मागतात आणि आपण नाही म्हणायचं, बरं दिसत नाही. मला वाटलं, खुर्च्याबिर्च्या मांडायच्या असतील. केली खूण.

मग कळलं, सगळं अडीचशे शब्दांत बसवायचं. माझी वही नऊ हजारांची! पाच दिवस कापत बसलो. 'सहा थेंब. माझे कान बघून वीस मिनिटं हसली.' हे कापायचं? 'नऊ थेंब. भावजयीच्या चहाला नावं ठेवली.' हे? चहाला नावं ठेवली म्हणजे तोंडाला चव आली, केवढा मोठा निष्कर्ष आहे हा! पाच दिवसांत एकोणीस शब्द कमी झाले. त्यातले सात मी परत घातले.

शेवटी लेक आली. ती औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. "बाबा, तुम्ही उठा तिथून," म्हणाली. वही घेऊन बसली आणि तिच्या खात्यावरून, तिच्या भाषेत, दोन तासांत प्रस्ताव पाठवून मोकळी झाली. वाचून बघा म्हणाली. हिच्याबद्दलचं कापलेलं मला बघवेना. मी म्हटलं, तू केलंस म्हणजे बरोबरच असणार.

आठवड्याने मला पत्र. सन्माननीय परीक्षक! आपला दीर्घ अनुभव पाहून बारा प्रस्ताव तपासायला पाठवत आहोत. लिहिणाऱ्यांची नावं झाकलेली होती. त्या चौकोनातली मदत म्हणजे ही! चूक कळवायला हवी होती, मान्य. पण खरं सांगू? ही गेल्यापासून सकाळी उठायचं कारण मला कुणी दिलंच नव्हतं. मी टेबल पुसलं, चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली.

प्रस्ताव कसले, नुसते आकडे! थेंब कशाने मोजले, पत्ता नाही: दोन गुण. सगळा प्रयोग उंदरांवर, उंदीर झोपला की बेशुद्ध पडला ते नाही: एक गुण. अकरावा तर कहर होता. 'एका प्रौढ स्त्री-रुग्णाचे तीस आठवडे निरीक्षण. वेदनेत मध्यम घट. मनोवस्थेत अल्पकालीन सुधारणा. भूक अंशतः पूर्ववत. रुग्णाच्या मृत्यूमुळे निरीक्षण समाप्त.' समाप्त! जसा काही दिवे गेले म्हणून खेळ थांबवला. माझं डोकंच फिरलं. शून्य दिलं आणि खाली शेरा ठोकला: 'बाई हसली का, लिहिलेलं नाही. कुणावर चिडली, लिहिलेलं नाही. हे लिहिणाऱ्याने ती बाई कधी पाहिलेलीच नाही.'

महिन्याने लेक हातात कागद घेऊन आली. बसलीसुद्धा नाही. आपला प्रस्ताव बाद झाला, म्हणाली. तीनपैकी दोन परीक्षकांनी पाचपैकी पाच दिले होते. पण एकानेही शून्य दिलं तर प्रस्ताव बाद, असा नियम. तोही बारीक अक्षरांतच असणार.

"आणि या तिसऱ्याचा शेरा ऐका, बाबा."

तिने वाचायला सुरुवात केली. 'बाई हसली का' एवढं ऐकलं, पुढचं मला पाठ होतं. 'कधी पाहिलेलीच नाही' इथे तिचा आवाज फुटला.

"कोण असेल हा दगड?" ती म्हणाली. "याच्या घरात कधी कुणी गेलं नसेल का?"

"असेल एखादा," मी म्हणालो. "पण कानांना हसली ते तू घालायला हवं होतंस."

"शब्द संपले होते, बाबा."

काल परिषदेचं आभाराचं पत्र आलं. आपल्यासारखे काटेकोर परीक्षक मिळत नाहीत, पुढच्या वर्षीही याल का? ते मी घाईघाईने वहीत दडवलं. आता लेक उद्या ती वहीच न्यायला येणार आहे, पुन्हा प्रयत्न करू म्हणते. पत्र ठेवायला दुसरी जागा काही सुचत नाही. घरात काय कुठे ठेवायचं, ते हिलाच माहीत असायचं.