देवरेकाकांचं रिकामं कॅरिअर

चढ आला की माणसं सायकलवरून उतरतात आणि उतार आला की बसतात. आमच्या देवरेकाकांचं सगळं उलटं. चढावर उभे राहून पायडल हाणायचे, धापा टाकत माथा गाठायचे आणि समोर छान उतार दिसला की खाली उतरून, सायकल हातात धरून चालू लागायचे. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "उतार फुकटचा असतो. फुकटचं अंगी लागत नाही."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर ते माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. लांबच्या सफरीला निघाले की वळकटी, पंप, डबा, रेनकोट, पाण्याची बाटली, सगळं हँडलला टांगलेलं. मागचं कॅरिअर मात्र मोकळं. "काका, थोडं मागे बांधा की," म्हटलं की त्यांना नेमकं ऐकू यायचं बंद व्हायचं. सोसायटीत त्यांचं नाव 'उलटे काका' पडलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकू गेल्या. झोपेतच गेल्या. काका चारचौघांत रडले नाहीत. जिन्याखाली बसून भरलेल्या चाकात पुन्हा हवा भरत राहायचे, एवढंच.

जानेवारीत एका संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

"रविवारी पेठला येतोस? सायकलने. घाटाखाली चंद्राबाईचं चहाचं छप्पर आहे. तिला हिचं सांगायचंय. दोनदा जाऊन आलो, तोंडच उघडत नाही. मला नाही जमलं तर तू सांग."

मी बँकेतला, पोट सुटलेला माणूस. हौसेने गिअरची सायकल घेतली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालत होतो. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हो म्हणालो.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. द्राक्षबागा मागे पडल्या आणि कापलेल्या भाताची ओकीबोकी खाचरं लागली. चढावर काका पुढे. उतारावर मी सुसाट खाली जायचो आणि त्यांची वाट बघत कुडकुडत उभा राहायचो. तिसऱ्या उताराला माझी मलाच लाज वाटली. मीही उतरलो आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. तेव्हा कुठे ते बोलले.

"लग्न झालं तेव्हा ही पेठच्या शाळेत मास्तरीण. सोमवारी डबलसीट सोडायला जायचो. चढाला बसून राहायची महाराणीसारखी, आणि उतार आला की टुणकन उडी. म्हणायची, तुमच्यावर विश्वास आहे, ब्रेकवर नाही. मग मी एकटा कसा खाली जाणार? चालायचो तिच्याबरोबर. पुढे नोकरी सुटली, तरी दर हिवाळ्यात यायचो दोघं. आमचा संसार सगळा उतारावर बोलून झालाय."

मी त्या रिकाम्या कॅरिअरकडे बघायचं टाळलं.

घाटाखाली चंद्राबाईने काकांना लांबूनच ओळखलं. वयाने काकांच्या बरोबरीची असावी. ती आमच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाई मागं ऱ्हायल्या का?"

"हो," काका म्हणाले. "येतेय. चालत."

"उताराला लय भितात बाई." तिने तीन ग्लास भरले आणि तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आता पाळी माझी होती. मी तोंड उघडलं आणि त्यात बिस्कीट घातलं.

झाकलेला चहा निवला. चंद्राबाई उठून रस्त्यावर गेली आणि कपाळावर हात धरून घाटाकडे बघत राहिली. ते मात्र काकांना बघवलं नाही. ते उठले.

"चंद्राबाई, नको बघूस. ती गेली. दिवाळीच्या आधी. मागच्या दोन्ही वेळी घरी आहे म्हणालो, ते खोटं. आत्ताचंही."

"घाटात पडल्या?"

"नाही गं. घरीच. झोपेत."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून तिने पदर तोंडाला लावला.

बऱ्याच वेळाने ती आत गेली आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पुरचुंडी घेऊन आली. दर वर्षी काकूंसाठी बाजूला काढायची. "बाईंची हाय. दुसऱ्या कुनाला नाय दिली." मी पिशवी पुढे केली, पण ती सरळ सायकलच्या मागे गेली आणि काकू बसायच्या त्या कॅरिअरवर पुरचुंडी सुतळीने बांधू लागली. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी फक्त गाठ पक्की आहे ना, ते ओढून बघितलं.

पेठला मुक्काम ठरला होता. "आता पुढे जाऊन काय करायचं?" म्हणत काकांनी सायकल नाशिककडे वळवली. अख्खा घाट ते एकदाही न उतरता चढले. मी माझे सगळे गिअर वापरून शेवटी ढकलतच वर आलो.

माथ्यापलीकडे लांब उतार होता. मला वाटलं, आता सांगून मोकळे झालेत, आता तरी बसून जातील. ते उतरले. एक हात हँडलवर, दुसरा मागे पुरचुंडीवर ठेवून हळूहळू चालू लागले.

मी मुद्दाम मागे राहिलो. काका मान थोडी मागे वळवून बोलत होते. वाऱ्याने मला एवढंच ऐकू आलं, "सांगितलं गं एकदाचं."