बिनकर्जाच्या माणसाची सही

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात पाक ओतून लाटणारे श्री. सावळा धोंडू आगिवले हे एका मंगळवारी, पतसंस्थेच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, संपूर्णपणे कर्जमुक्त झाले. या घटनेची पूर्वसूचना त्यांनी कोणालाही दिलेली नव्हती. त्यामुळे पुढे जे काही घडलं, त्याची पहिली जबाबदारी त्यांच्यावरच येते, हे इथेच नमूद केलेलं बरं.

कर्ज होतं परस्परविश्वास पतसंस्थेचं आणि ते काढलं होतं मुलाच्या हळदीला डीजे आणण्यासाठी. डीजे असा वाजला की शेजारणीच्या मांडणीवरच्या कपबश्या खाली आल्या. त्या कपबश्यांची भरपाईही कर्जातच धरली होती. मुलगा सनी बायकोला घेऊन चाकणला कंपनीत गेला. डीजेवाल्याने दोन मजली घर बांधलं. सावळाभाऊ भुशी धरणाच्या रस्त्याला पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहिले आणि हप्ते भरत बसले. "आपुन घर बांधलं, पन डीजेवाल्याचं," असं ते स्वतःच कारखान्यात सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसत.

आता मात्र स्वतःचं घर घ्यायचं ठरलं होतं. ठरवणं भागच होतं. खोलीमालकाला भुशीला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा हवी होती, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा, असं त्याने गोड आवाजात सांगितलं होतं. वलवणच्या बाजूला एक इमारत उठत होती. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या तुमच्याच धरा, असं बिल्डर तोंडी बोलला होता. सावळाभाऊंची बायको चिंगीबाई तिथे जाऊन स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा हाताने मापून आली होती. बाहेरचा चहा बंद झाला, चप्पल तिसऱ्यांदा शिवली गेली, आणि सुरुवातीला भरायची रक्कम चिंगीबाईंच्या बचत गटात हळूहळू जमू लागली. उरलेल्या रकमेसाठी घरकर्ज काढायचं, पण आधी जुनं फेडून. सावळाभाऊंचा हिशेब एवढा सरळ होता. सरळ होता म्हणूनच तो कोणत्याही नियमात बसत नव्हता.

शेवटचा हप्ता घेताना पतसंस्थेचे सेक्रेटरी प्रज्ञेश यांनी सवयीने विचारलं, "काका, नवं-जुनं करायचं ना?"

नवं कर्ज काढून त्यातून जुनं फेडायचं, आणि वर्षभराने त्या नव्यालाच जुनं म्हणायचं, या पद्धतीला संस्थेत नवं-जुनं म्हणत आणि अहवालात शंभर टक्के वसुली म्हणत.

"न्हाई," सावळाभाऊ म्हणाले. "निस्तं जुनं."

प्रज्ञेशने पेन खाली ठेवलं. संगणकात कर्जखातं बंद होण्याची कारणं तीनच होती: नवं-जुनं, जप्ती आणि सभासद मयत. माणूस पैसे भरून जिवंतपणी मोकळा होईल, ही शक्यता संगणक बसवणाऱ्याने धरलेली नव्हती. पुण्याला फोन झाले. अखेर 'सभासद मयत' यावर बोट दाबून, पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात 'प्रकृती उत्तम' असं लिहून काम भागवण्यात आलं. खातं बंद झाल्याच्या दाखल्यावर सावळाभाऊंनी सही केली.

ही सही नीट समजून घेतली पाहिजे, कारण घात तिनेच केला. पन्नाशीपर्यंत सावळाभाऊ अंगठा उठवत होते. मग बालवाडीत दुपारी उज्ज्वलाबाई प्रौढांना शिकवू लागल्या आणि ते जाऊन बसले. चिंगीबाईही एक दिवस गेल्या होत्या. "माजी दोन घरची भांडी काय अक्षरं घासत्याल व्हय?" असं विचारून परत आल्या. सावळाभाऊ टिकले. पहिला शब्द शिकले 'घर'. सहीत मात्र ते पूर्ण नाव लिहीत, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून, मग खाली सरळ रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं देताना ते श्वास रोखत. मागे रांग लागली तरी टिंबांची घाई त्यांनी कधी केली नाही.

भाद्रपदात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. चेअरमन अंबाजी यांनी 'आदर्श कर्जदार' म्हणून सावळाभाऊंना शाल, नारळ आणि फेटा दिला. फ्लेक्सवर त्यांचा फोटो चेअरमनच्या फोटोच्या एक चतुर्थांश होता, म्हणजे बराच मोठा. भाषणात चेअरमन म्हणाले की, अशा सभासदामुळेच संस्था उभी आहे, मात्र सर्वांनीच असं वागायचं ठरवलं तर व्याज कोण देणार, याचाही विचार व्हावा. मग हजेरीच्या वहीत सही करायला सावळाभाऊंना व्यासपीठावर बोलावलं. टिंबं पडेपर्यंत सभा शांत होती. पडल्यावर टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांच्या अक्षराला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या पुढे फार महाग गेल्या, पण त्या वेळी फुकट वाटल्या.

पतसंस्थेत कर्ज मिळायला दोन जामीनदार लागतात. कर्जदाराने हप्ता चुकवला तर जामीनदाराने भरायचा. त्यातल्या एका जामीनदाराच्या तरी डोक्यावर स्वतःचं कर्ज असता कामा नये, असाही नियम. आजवर तसा माणूसच पंचक्रोशीत नसल्याने तो नियम भिंतीवर फ्रेममध्ये होता. आता माणूस सापडल्याने नियमही लागू झाला होता, आणि तो माणूस फेटा बांधून घरी चालला होता.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यातला जोडीदार सीताराम फॉर्म घेऊन आला. त्याला फ्रीज घ्यायचा होता. सावळाभाऊंच्या पुढ्यात पाक गोळीवर आला होता आणि क्षणाचीही उसंत नव्हती. सीताराम थांबला. त्याने कर्जाचं नावही काढलं नाही.

"सावळाभाऊ, काल काय सही केली राव तुमी. चेअरमनची सही तिच्याम्होरं कोंबडीचा पाय."

सावळाभाऊंनी हात पुसले. पेन मागितलं.

घरी चिंगीबाईंनी विचारलं, फ्रीज त्याचा, मग नाव तुमचं कशाला? सावळाभाऊंनी समजावलं की ही फक्त सही आहे, हिला पैसे पडत नाहीत. चिंगीबाई म्हणाल्या, "आवं, फुकट हाय म्हून का पंगतीला वाढत सुटायचं?"

पण पंगत बसली होती. कोणाला स्कूटर, कोणाला मुलीच्या हळदीचा डीजे, कोणाला फक्त जुनं कर्ज नवं करायचं होतं. एका सभासदाने एका वेळी दोघांनाच जामीन राहावं, असं पोटनियमात लिहिलं होतं. संस्थेने त्याचा अर्थ लावला की सकाळी दोघांना आणि संध्याकाळी दोघांना चालेल. लोक घरून येताना अक्षराचं कौतुक पाठ करून येत. एकाने रेघेची तारीफ केली, एकाने टिंबांची. ज्याला काहीच सुचलं नाही, तो "सावळाशेठ" म्हणाला, आणि तेवढ्यावरही काम झालं. सावळाभाऊंनी खिशाला अडकवायचं निळं पेन घेतलं. घरासाठी साठवणूक सुरू झाल्यापासून त्यांनी स्वतःसाठी केलेला तो एकमेव खर्च.

शिमग्याच्या सुमाराला चेअरमनचा पुतण्या तुषार मोटारीतून आला. सावळाभाऊंनी आता अनुभवी जामीनदारासारखं विचारलं, कर्ज कशासाठी ते बघू. त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. 'कर्जाचा उद्देश' या पुढे लिहिलं होतं 'घर'. उज्ज्वलाबाईंनी फळ्यावर काढलेला तोच 'घ', तोच 'र'. तो शब्द त्यांनी न अडखळता, मोठ्याने वाचला. कारखान्याच्या चहावाल्यासमोर वाचला. त्यापुढचा इमारतीचा पत्ता बारीक होता आणि त्याला चष्मा लागला असता, पण एवढा मोठा शब्द बिनचष्म्याचा वाचल्यावर चष्मा मागणं त्यांना बरं दिसेना.

"घर घेतोयस? चांगलं हाय पोरा," ते म्हणाले आणि श्वास रोखून टिंबं दिली.

पावसाळा तोंडावर आला. इमारत पूर्ण झाली. बचत गटातली रक्कम मोजून सावळाभाऊ घरकर्जाचा अर्ज घेऊन संस्थेत गेले. पहिली अडचण आली की संगणकानुसार ते मयत होते. प्रज्ञेशने 'प्रकृती उत्तम' हा शेरा दाखवून ती तत्परतेने दूर केली. दुसरी अडचण मात्र दूर होण्यासारखी नव्हती.

"काका, तुमच्यावर कर्ज शून्य आहे," प्रज्ञेश म्हणाला.

"मग?"

"जबाबदारी मात्र दोन बंगल्यांएवढी आहे. संस्थेची निम्मी कर्जं तुमच्या सहीवर उभी आहेत. इतक्या मोठ्या माणसाला आम्ही कर्ज देऊ शकत नाही."

शिवाय त्याने टेबलाखालून नोटिसांचा गठ्ठा काढून दिला. सीतारामने फ्रीजचे हप्ते थकवले होते. ते नियमाप्रमाणे सावळाभाऊंनी भरायचे होते.

सावळाभाऊ थेट सीतारामच्या घरी गेले. सीतारामने त्यांना खुर्ची दिली, फ्रीज उघडला आणि बाटली पुढे केली. "भाऊ, आता हप्ता तुमी भरनार, तर पानी तरी गार प्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती. पाणी खरोखरच गार होतं. सावळाभाऊंनी घरी येऊन चिंगीबाईंना सगळं सांगितलं आणि पाण्याचंही सांगितलं, ते सांगायला नको होतं.

मग स्कूटरचे हप्ते आले. मग डीजेचे आले, म्हणजे सावळाभाऊ पुन्हा एकदा डीजेवाल्याचं घर बांधू लागले, बहुधा तिसरा मजला. बचत गटातली रक्कम खोल्यांच्या दिशेने न जाता गावभर फिरू लागली. अखेर घराची तरी खात्री करावी म्हणून नवराबायको वलवणला गेले. बिल्डरने त्यांना ओळखलं. तो म्हणाला, "अहो, कोपऱ्यातल्या दोन खोल्या चेअरमनच्या पुतण्याने घेतल्या. पर्यटकांना भाड्याने द्यायला. जामीनदार फार भक्कम मिळाला म्हणे त्याला."

चिंगीबाईंनी त्यांच्या खिशातल्या निळ्या पेनाकडे पाहिलं. "वाचलं न्हवतं व्हय तुमी?" त्यांनी विचारलं.

"वाचलं," सावळाभाऊ म्हणाले. "येक शबुद वाचला. बराबर वाचला."

त्याच महिन्यात तुषारनेही हप्ता थकवला. अशा रीतीने ज्या दोन खोल्यांसाठी सावळाभाऊंनी एवढी वर्षं काढली, त्यांचे हप्ते ठरल्याप्रमाणे तेच भरू लागले. फरक एवढाच की कागदावर नाव दुसऱ्याचं होतं आणि आत पर्यटक होते.

संस्थेने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. चेअरमन स्वतः कारखान्यात आले. सर्वांचे थकलेले हप्ते एकदम भरून टाकता यावेत म्हणून संस्था सावळाभाऊंनाच मोठं कर्ज द्यायला तयार होती. घरासाठी ते नियमात बसत नव्हते, पण यासाठी बसत होते. अट एकच: दोन जामीनदार, त्यातला एक तरी बिनकर्जाचा. सभासदांची यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली गेली. यादीतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर कर्ज होतं आणि निम्म्या कर्जांवर सावळाभाऊंचीच दोन टिंबं होती. मग प्रज्ञेशला आठवलं की चिंगीबाईंवर एक पैचंही कर्ज नाही, आणि अंगठा नियमाने चालतो. तो शाईचं पॅड घेऊन घरी आला. चिंगीबाईंनी हात पदराखाली घेतला.

"ह्यो अंगठा भाकरी थापाया लागतो," त्या म्हणाल्या. "सायेब, तुमाला भाकर पायजे आसंल तर बसा."

दिवाळीला पत्र्याची खोली पडली आणि तिथे गाड्या लागल्या. तुषारला खोल्यांची देखभाल करायला, चादरी बदलायला आणि झाडलोट करायला विश्वासाची माणसं हवी होती. आपल्या जामीनदारापेक्षा विश्वासाचं कोण असणार? पर्यटक नसतील त्या दिवशी आत झोपायची आणि असतील त्या दिवशी मागच्या जिन्याखाली झोपायची परवानगी मिळाली. पहिल्या सकाळी चिंगीबाईंनी ओटा पुसला आणि त्यावर दोन्ही तळवे टेकवले.

"वटा मातर मापात हाय," त्या म्हणाल्या.

सावळाभाऊंनी अजून आशा सोडलेली नाही. त्यांनी कारखान्यातून दुकानाच्या गल्ल्यावर बदली मागून घेतली आहे, कारण तिथे बाहेरगावची माणसं येतात आणि बाहेरगावी कोणीतरी बिनकर्जाचं असेलच. संस्थेनेही बाहेरच्या जामीनदाराला खास बाब म्हणून मंजुरी दिली आहे. तेव्हा भुशीहून ओले होऊन परतताना तुम्ही चिक्कीला थांबाल, तेव्हा एक फेटा बांधलेले गृहस्थ चवीला तुकडा पुढे करतील. घरपोच पाठवतो, पत्ता तेवढा लिहून द्या, म्हणतील. तुम्ही लिहाल. ते कागद डोळ्यांजवळ धरतील आणि अगदी मनापासून म्हणतील, "सायेब, आक्षर लय देखनं हाय तुमचं."

तुम्ही इथवर वाचत आलात, सावळाभाऊंना हसलात, म्हणजे तुम्हाला अक्षर येतं, आणि त्याचं कौतुक कोणी केलेलं तुम्हालाही आवडतंच. तर मग जरा पुढे सरका. ठिपक्यांची रेघ कुठे आहे ते सावळाभाऊ दाखवतील. पेन त्यांच्याकडे आहे.