पाच तोळ्यांतले आठ ग्रॅम

शनिवारी सकाळी पावणेदहाला मिलिग्रॅमरावांच्या घरातून आठ ग्रॅम सोनं नाहीसं झालं. निदान त्यांचं गणित तसं सांगत होतं, आणि त्यांचं गणित चुकल्याचं चौतीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं.

ही चौतीस वर्षं त्यांनी सोन्याचा कस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती. मिलिग्रॅमराव हे नाव तिथलंच, अर्थात पाठीमागे घ्यायचं. तिथला तराजू माणसाच्या श्वासानेही हलायचा, त्यामुळे गप्प बसणं ही नोकरीची अटच होती. निवृत्तीनंतर मोडीत निघालेला एक तराजू काचेच्या पेटीसकट घरी आला, आणि दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर गप्प बसण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागेनात. मुलगा तीन तासांच्या अंतरावर राहायचा. महिन्यातून एकदा फोनवर "बाकी ठीक?" विचारायचा. हे "ठीक" म्हणायचे. एवढ्यावर अख्खा महिना काढावा लागे, आणि तो निघता निघत नसे.

त्या सकाळी नातीला पाठवायच्या म्हणून त्यांनी बायकोच्या बांगड्या काढल्या. डबीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती. बायकोचंच अक्षर : 'बांगड्या दोन, पाच तोळे.' आता तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, आणि अख्खा तोळा अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट मिलिग्रॅमचा. बाजाराने सोयीसाठी दहा ग्रॅमचा तोळा काढला होता, पण मिलिग्रॅमरावांनी त्याला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. बायकोला तर लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी हे तीनदा समजावलं होतं. म्हणजे पाच तोळे झाले अठ्ठावन्न ग्रॅम तीनशे वीस. तराजू दाखवत होता एकोणपन्नास ग्रॅम नऊशे ऐंशी.

त्यांनी पुन्हा वजन केलं. मग मेहुणीला फोन लावला. एका लग्नासाठी तिने या बांगड्या नेल्या होत्या.

"बांगड्यांत हजारी एकशे त्रेचाळीस भाग कमी भरतायत."

"काय भरतंय?"

"वजन. आठ मासे आणि साडेचार गुंजांच्या वर कमी आहे."

"भाऊजी, दोन वर्षांनी फोन केलात तो मला चोर ठरवायला? उद्या येते मी. तोंडावर म्हणा काय ते!"

पुढचा नंबर सोनाराचा. त्याने बांगड्यांना पॉलिश केलं होतं.

"काका, एका पॉलिशमध्ये आठ ग्रॅम सुटत असते तर मी आज दुकानात बसलो असतो का? उद्या माझा काटा घेऊनच येतो."

मग मुलगा. बँकेच्या लॉकरमधून बांगड्या त्यानेच आणल्या होत्या.

"बाबा, माझ्यावर संशय?"

"संशय नाही रे. शक्यता."

"मी येतोय," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

तेव्हा कुठे मिलिग्रॅमरावांना घाम फुटला. फोन लावावा अशी तीनच माणसं जगात उरली होती, आणि अर्ध्या तासात तिघांनाही दुखावून झालं होतं.

रविवारी तिघं आले ते तावातावानेच. पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या, तिघांना श्वास रोखून बसायला सांगितलं. काटा स्थिरावणार तोच मेहुणी शिंकली.

"पुन्हा," मिलिग्रॅमराव म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मुलाला हसू आवरलं नाही. तिसऱ्या खेपेला वजन झालं, तेवढंच भरलं. सोनाराच्या काट्यानेही तेच सांगितलं. मग भांडण व्हायला हवं होतं, पण बंद खोलीत सगळे घामाने इतके भिजले होते की मेहुणीने आधी खिडक्या उघडल्या आणि चहा टाकला. सोनार मिलिग्रॅमरावांच्या बायकोच्या घासाघिशीच्या गोष्टी सांगू लागला. मुलगा वडिलांच्या आवाजात "हजारी एकशे त्रेचाळीस" म्हणाला आणि मेहुणीला ठसका लागला.

"ती चिठ्ठी तरी दाखवा काका," सोनार म्हणाला.

मिलिग्रॅमराव आतल्या खोलीत गेले. झाकणावरून चिठ्ठी जपून सोडवली, तर मागेही मजकूर होता : 'म्हणजे पन्नास ग्रॅम. यांच्यासमोर तोळा म्हणू नये, तासभर ऐकवतात.'

ते पलंगावर बसले. इतकी वर्षं ती मान डोलवत होती आणि मनात दहाचाच तोळा धरून बसली होती. त्यांना हसू आलं आणि मागोमाग डोळे भरून आले, कारण हे जिला सांगायचं ती नव्हती. बाहेर कपबशा वाजत होत्या, तिघं एकदम बोलत होते. खरं सांगितलं की दहा मिनिटांत दारातल्या चपला जाणार, हे त्यांना तराजूशिवाय कळत होतं.

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर येऊन आयुष्यातला पहिला खोटा अहवाल दिला. "चिठ्ठी सापडत नाही. शिवाय आज हवा दमट आहे. निष्कर्ष काढता येणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा वजन."

"पुन्हा?" मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला. "बरं, येतो. तुमच्या नातीलाही आणतो, बांगड्या तिच्याच आहेत."

सोनार काटा तिथेच ठेवून गेला. मेहुणी सगळ्यांच्या शेवटी निघाली. चपला घालताना हळूच म्हणाली, "भाऊजी, ताईचा तोळा दहाचा होता. चहा उकळेपर्यंत माझं गणित झालं होतं."

मिलिग्रॅमरावांचा हात चिठ्ठीच्या खिशावर गेला.

"पण पुढच्या रविवारीही तुम्ही तोळा साडेअकराचाच धरा," ती म्हणाली. "मी अकरा वाजेपर्यंत येते."