हरणीचं वाढलेलं काळीज

आमच्या घरात रिपोर्ट वाचावा तर मीच! बाळंतपणापासून मोबाईलवर तक्ते बघून बघून मी अर्धी डॉक्टर झाले आहे. माझ्या लेकीनं, वैभवीनं, कधी बसावं, कधी चालावं, तिला दात कधी यावेत, याचाही तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. (त्याप्रमाणे तिनं कधीच चालायला हवं होतं. पण ती हरणीचा कान धरून उभी राहायची आणि धपकन बसायची. ती झोपलीय तेवढ्यात हे लिहून घेते.)

हरणी म्हणजे आमची कारवानी कुत्री. उदबत्तीसारखी बारीक, आणि धावली की नुसती धूळ दिसते! परवा अकोल्याचे जनावरांचे डॉक्टर आमच्या गावी, रिठदला आले होते, कारवानी कुत्र्यांच्या हृदयाची सोनोग्राफी करून मापं घ्यायला. हरणीच्या मापांचा कागद हातात पडताच मी मोबाईलवर तक्ता काढला आणि किंचाळलेच,

"आई! हरणीचं काळीज वाढलंय! दुपटीनं!"

सासूबाईंच्या हातातलं लाटणं पडलं. "मायवं! आता कसं करावं वं?"

हरणीचं धावणं बंद! गळ्यात साखळी, अंगावर चादर, पुढ्यात साजूक तुपातला शिरा. वैभवी तिला बिलगून बसायची आणि मी ओढणीनं डोळे पुसायचे. हा कान गेला, तर माझी पोर कशाला धरून उभी राहील?

शेजारच्या बेबीबाईंना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात काळीज वाढलं वं. डॉक्टरनं मोजलं." बेबीबाईंनी लगेच शिरपूरला फोन केला. तिथं सासऱ्यांची बहीण राहते, नानीबाई.

दुसऱ्या सकाळी जीपभर पाहुणे रडत दारात!

"इंद्रभान, माह्या भावा गा! काळीज वाढलं तुहं, अन् मले सांगतलंबी नाई?"

सासरे ओट्यावर मिरचीची भजी खात होते. भजं हातातच राहिलं. "मले? मले काय झालं वं?"

"लपवू नको! कसा सुकून गेला तू, पाह्य!"

सासऱ्यांचा चेहरा खरंच सुकला. "रूपाली, माहंही मोजलं काय त्यायनं?"

"नाही हो, हरणीचं!" म्हणत मी घाईघाईनं डॉक्टरांना फोन लावला आणि तक्त्याचं सांगितलं.

"ताई, कोणता तक्ता पाह्यला तुमी?"

"कुत्र्यांचाच. वर फोटो आहे ना, पांढरा, गुबगुबीत, झिपरा..."

"अवो, तो पामेरियनचा! हे धावणारी जात, इचं काळीज मोठंच राह्यते. किती मोठं, तेच तं मोजून राह्यलो आमी! ठणठणीत हाय तुमची हरणी!"

मी धावत जाऊन साखळी सोडली. हरणी सुटली ती थेट भज्यांवर! वैभवीच्या हातून कान निसटला. आता पडणार, रडणार... छे! दोन्ही हात पसरून पोरगी दुडूदुडू तिच्या मागं निघाली!

"चालली वं माय, चालली!" नानीबाईंनी पुन्हा गळा काढला. सूर तोच, कारण नवं.

सासूबाई मात्र फ्रिजपाशी उभ्या होत्या.

"रूपाली, हा तक्ता तरी कोन्या जातीचा हाय वं?"

तक्ता मी तिथल्या तिथे काढून टाकला!

(म्हणजे कपाटाच्या आतून लावला. अजून दाढा यायच्यात ना!)