घड्याळजी आणि ट्रॅक्टरचा दांडा

"घड्याळ काय नि ट्रॅक्टर काय, मामा! शेवटी चाकंच ती. मनगटावर मावत नाहीत, एवढाच फरक!"

घड्याळजी जावयाचं हे बोलणं ऐकून सासऱ्यांच्या हातातला कप ओठांशीच थांबला. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, तो पीटीओ, आठवडाभर रुसला होता. चारा कापायचं यंत्र त्याच्याच जोरावर चालायचं. विळ्याने चारा कापून कापून सासऱ्यांच्या हाताला फोड आले होते.

"दांडा फिरवून दाखवा, जावईबापू! मागच्या शेडची चावी तुमची. घाला घड्याळांचं दुकान! नाही फिरला, तर शेडचं नाव काढायचं नाही."

शेड! फळ्यांतून ऊन गाळून घेणारी, भिंतभर टिकटिक मिरवायलाच जन्मलेली ती जागा रोज त्याच्या स्वप्नात यायची.

आधी त्याने तेलाचा दाब मोजला. काटा जेवून निजल्यासारखा पडून! मग दांड्यामागची क्लचची पेटीच उघडली. आत पिस्टनवरची रबरी रिंग फाटलेली. सगळा दाब तिथूनच पसार होत होता. त्याने नवी रिंग बसवली, क्लचच्या नव्या तबकड्या तेलात भिजत घातल्या आणि त्या सोनेरी तेलात पाहता पाहता स्वतःच बुडाला. तेलात ढग सरकत होते. बाळाचं तोंड पुसावं तसा तो एकेक बोल्ट पुसत होता. तीन दिवस असे गेले. कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही!

चौथ्या दिवशी त्याने इंजिन सुरू केलं, लीव्हर ओढला. काटा उठला. दांडा फिरला!

"फिरला! मामा, फिरला!"

तोच अंगणातून एक पांढरी चादर हंसासारखी तरंगत आली. मागोमाग दुसरी. मग उशांचे अभ्रे, टॉवेल आणि दोन्ही बाह्या पसरून सासऱ्यांचा कोट! तो भान हरपून बघत राहिला. ढगच भेटीला उतरले की काय!

"अहो, बंद करा!" बायको किंचाळली. "आईने कपड्यांची दोरी दांड्याला बांधलीय!"

त्याने लीव्हर ढकलला तोवर दांड्यावर गादीएवढं गाठोडं वळलं होतं. त्यातून कोटाची एक बाही लोंबत होती.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "मला काय ठाऊक, तुम्ही खरंच दुरुस्त कराल ते!"

सासऱ्यांनी गाठोड्याभोवती एक चक्कर मारली.

"शब्द म्हणजे शब्द, जावईबापू. शेड तुमची."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि चावी, मामा?"

"कोटाच्या खिशात."