वसंतकाका आणि न अडखळणारा डबा

उन्हाळ्यात वसंतकाकांकडे जाणार असाल तर घाम पुसायला रुमाल घेऊन जा. नांदेडचं ऊन बाहेर पेटलेलं असतं आणि काकांचा टेबलफॅन टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे तोंड करून फिरत असतो. एकदा मी तो जरा माझ्याकडे वळवला, तर काका ओरडले, "अहो, त्याला लागू द्या हवा! तुम्हाला निदान घाम तरी येतो, त्याला तो बी येत न्हाई!"

काका आमचे शेजारी. भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा इथंच ठेवून गेला. नवे गेम या डब्याला झेपत नाहीत, चित्र मध्येच अडखळतं. काका कळवळून म्हणतात, "फ्रेम पडली!"

फ्रेम पडू नये म्हणून त्यांचे इलाज अखंड चालू असतात. खालून हवा खेळावी म्हणून डबा विटांवर ठेवलेला. धूळ झाडायला रंगाचा ब्रश. एकदा त्यांनी डबा उघडून आतला गार ठेवणारा मलम बदलला, तर एक स्क्रू उरला. "जास्तीचा दिलेला दिसतो," म्हणत तो खिशात टाकला. गेममधल्या बाजारातून जाताना ते नजर जमिनीवर ठेवतात. "वर बघितलं की समदी माणसं, दुकानं दाखवावी लागतात त्याला. लई लोड येतो बिचाऱ्याला."

मुलगा नवा कन्सोल पाठवतो म्हणाला, तर यांचं उत्तर, "कशाला? चालून राहिला की हा."

मग मे महिन्यात गेमचं अपडेट आपोआप उतरलं आणि चित्र पावलोपावली अडकायला लागलं. काकांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी त्यांनी गेम पुसला, मूळ डिस्कवरून पुन्हा भरला आणि इंटरनेट बंद करून टाकलं. दुपारी गच्चीवरून मला हाक आली, "या, या! लोण्यासारखा चालून राहिला!"

मी गेलो. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात आणि पाय हलत नाहीत, घराबाहेर पडणं संपलंय. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर होता. चालायची कांडी काकूंच्या उजव्या अंगठ्याखाली, नजर वळवायची कांडी काकांच्या. पडद्यावर एक बाई नदीकाठानं सावकाश चालली होती. लढाई नाही, काही नाही.

"चित्र अडखळलं की हिला चक्कर येते," काका मला हळूच म्हणाले. "नव्या डब्यावर पुन्हा बोट बसवायचं म्हणजे तरास. ह्यावर बसलंय."

"अवो, बोलू नका, समोर बघा," काकू म्हणाल्या. "त्या टेकडीकडं वळवा."

"दमली न्हाईस ना?"

"न्हाई. वरून पलीकडचं बघू."

काकांनी नजर टेकडीकडे वळवली. मी चपला घालून निघालो, तेव्हा ती दोघं चढाला लागली होती.